अम्मांची जखम भरून आली

आई,

आज माझ्या पेशंटची, अम्मांची, जखम बंद झाली. माकडहाडावरची, पडून राहून झालेली. मी पहिल्या दिवशी पाहिली तेव्हा तिच्यात माझ्या करंगळीचं टोक सहज मावलं असतं. आता तिथं पातळ, गुलाबी कातडी आलीय, तान्ह्या पोराच्या तळपायासारखी. डॉक्टरांनी बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाले, ब्रदर, आता ड्रेसिंग नको. एवढंच बोलून ते खाली उतरले. मी मात्र हातमोजे न काढता तसाच उभा होतो. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आरशासमोर दोन्ही मुठी आवळून नाचलो, हेही सांगून टाकतो.

तुला ठाऊक नाही, मी नर्स झालोय. बी.कॉम. मध्येच सोडलं. एक मुलगी होती, अजून आहे. तिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये कुणीतरी काहीतरी बोललं, मी त्याची कॉलर धरली, आणि प्राचार्यांनी माफी मागायला सांगितल्यावर माफीऐवजी कॉलेजच सोडून आलो. बाबा बरेच दिवस बोलले नाहीत. मग एकदा जेवताना भाकरीकडे बघत म्हणाले, हात चालवायचेच आहेत तर तुझ्या आईसारखे चालव. मी रागाने डिप्लोमाचा फॉर्म भरला. वर्गात सगळ्या मुली आणि आम्ही चारदोन पोरं. मुलींना पेशंट सिस्टर म्हणायचे, आम्हाला ब्रदर. पण खरं सांगू, अर्ध्याहून जास्त शिक्षण माझं आधीच झालेलं होतं, अंबरनाथच्या आपल्या खोलीत, तुझ्या पलंगाशी.

तू सरकारी नर्स, बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला, वाड्यावाड्यांवर लशींचा डबा घेऊन फिरायचीस. त्या बायांची बाळंतपणं, पोरांची वजनं, सगळं तुझ्या अंगवळणी. आणि मग तूच अंथरुणाला खिळलीस. बाबा फॅक्टरीत, मी शाळेतून सुटलेला, सुट्टीचे दिवस. तू पडल्या पडल्या मला शिकवतेस. आधी नखं दाखव. मग हात, कोपरापर्यंत. मग कूस. मी तुला खांद्याला धरून ओढतो आणि तू कळ सोसत, पण अगदी शांतपणे म्हणतेस, "गोणी आहे का मी? ओढू नकोस. ओढलं की कातडी मागे राहते आणि हाड पुढे जातं." तुझी जुनी सुती साडी चौघडी करून तू स्वतःखाली घालायला लावतेस. एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने मी, साडीची टोकं धरून उचलायचं, मग वळवायचं. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. कॉलेजात मॅडमनी तेच शिकवलं तेव्हा त्याला ड्रॉ शीट म्हणतात हे कळलं. मी मनात म्हटलं, ही तर आमची साडी.

एक गोष्ट मात्र तुझी चुकली, ऐकून घे. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून, पावडर घालून चोळायला तू सांगायचीस. आता तसं करत नाहीत. चोळल्याने आतलं मांस आणखी दुखावतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आम्ही तर आयुष्यभर चोळलं. मीही भांडलो असतो. तुझ्याशी भांडायची फार इच्छा होते गं कधीकधी.

तर अम्मा. उल्हासनगरला फर्निचर बाजाराच्या मागे त्यांचं घर, खाली मुलाचं गाद्यांचं दुकान. अम्मांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटकं झालं. माझ्या आधी दोन नर्स येऊन गेलेल्या. त्या मुलाने, शेठनी, दारातच सांगितलं, पाठीची जखम वाढली तर हॉस्पिटलात टाकावं लागेल आणि तिथून त्यांची अम्मा परत येणार नाही. रडवेले झाले होते. वाईट माणूस नाही. हवेची गादी आणली होती, पण तिच्या फुगण्यापिचकण्याने अम्मांना गरगरायचं, म्हणून ती माळ्यावर गेली. मी दर दोन तासांनी कूस बदलत होतो, जखम धूत होतो, डाळ-पनीर भरवत होतो. तरी जखम ओलीच. मी घरी येऊन भिंतीवर बुक्क्या मारायचो. माझंच काहीतरी चुकतंय, असं वाटायचं.

आणि एक दिवस चादर बदलताना हात गादीच्या कडेखाली गेला. ओला झाला. चादरीखाली जाड पांघरूण, त्याखाली आणखी एक चादर, आणि त्याच्याखाली प्लास्टिक. गादी कंपनीतून येते तेव्हा असतं ते, जसंच्या तसं. दिवसभराचा सगळा घाम त्यावर साचून परत वर यायचा, अम्मांच्या पाठीला. मी पुढचा विचार केलाच नाही. अम्मांना खुर्चीत बसवलं, ड्रेसिंगची कात्री घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिक फाडत नेलं.

शेठ आवाज ऐकून वर आले. ते प्लास्टिक बघून त्यांचा चेहराच उतरला. गाद्या विकणारा माणूस तो. त्यांच्या धंद्यात प्लास्टिक आहे तोवर माल नवा, निघालं की जुना. आईसाठी दुकानातली सगळ्यात महाग गादी वर आणली होती आणि ती नवी ठेवली होती, तिच्यावरच्या प्रेमापोटीच. म्हणाले, "ये क्या कर दिया भाई, पूरा माल खराब कर दिया." माझं डोकं तापलंच होतं. ओरडणार, तेवढ्यात तू आठवलीस. पेशंटच्या डोक्यावर आवाज चढवायचा नाही, भांडण उंबऱ्याबाहेर. मी त्यांना गॅलरीत नेलं आणि तिथं हळू आवाजात म्हणालो, "शेठ, गादी खाली दुकानात दुसरी मिळेल. अम्मांची पाठ कुठल्या दुकानात मिळते सांगा, आत्ता जाऊन आणतो."

त्यांनी तिथूनच माझ्या एजन्सीला फोन लावला, दुसरा माणूस पाठवा म्हणाले. मी बॅग भरली. एवढंच वाटत होतं, की आता जखम कोण धुणार, आणि नवा येणारा अम्मांना ओढेल. जाण्याआधी त्यांना परत झोपवायला हवं होतं. मी आणि शेठ, दोघांनी चादरीची टोकं धरून उचललं. अम्मा कुशीवर निजल्या. जरा वेळाने तोंड वाकडं करत, एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "पुट, आज पीठ को हवा लगी." सिंधीत पुट म्हणजे मुला. कुणाला म्हणाल्या, मला की त्यांना, देव जाणे. शेठनी खिडकी उघडली, पंखा वाढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, बॅग उधर रख.

त्यानंतर जखम काठांकडून आत येत गेली, भात शिजताना पाणी आटत जातं तशी. आज ती बंद झाली. संध्याकाळी खाली उतरलो तर शेठ एका नवऱ्याबायकोला गादी दाखवत होते आणि बजावत होते, घरी नेल्यावर प्लास्टिक काढायचं, हमारे ब्रदर का ऑर्डर है. मला बघून त्यांनी मला आवाज दिला, हा बघा तोच, म्हणून त्या दोघांना दाखवलं. आई, माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. वर खिडकीत अम्मा खुर्चीत बसल्या होत्या, टेकून, स्वतःच्या पाठीवर.

तिलाही फोन केला होता, त्या मुलीला. तिने विचारलं, कसली जखम? मी सांगितलं. ती म्हणाली, अरे वा, छान. ती खरंच मनापासून म्हणाली असेल. ती कुळगावला राहते, नोकरी करते, माझ्यावर अजून पुरती रुसलेलीही नाही आणि हसलेलीही नाही. पण बेडसोर बंद होणं म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते कपाटात राहील. आणि एक कबूल करतो, रागावू नकोस. हे कोरे कागद मी तिला लिहायलाच विकत आणले होते.