डावीकडे म्हणजे उजवीकडे

ता. १२ जून १९२८

ती. दादांच्या सेवेशी,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

आमचं आरमारी अधिकाऱ्यांचं कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाले आणि जहाज अजून यायचंच आहे. लोकरीच्या जुन्या गोदामात बावीस कॅडेट झोपतात आणि मागच्या आवारात खडूने डेक आखून त्यावर ‘जहाज’ चालवतात. तुमच्या चिरंजीवांचे, उंटोबाचे, पाय कॉटबाहेर येतात, पण स्वारी खूश आहे. पहिला कप्तान मीच होणार, असं सगळ्यांना ऐकवत असतो. वहिनींना सांगा, त्याचा खोकला गेला.

जहाज हाकण्याचं पुस्तक आपल्या भाषेत हवं, म्हणून प्राचार्य हात धुऊन मागे लागले होते. ते एकदाचं लिहून झालं. छापखाना तुमच्याच गावातला आहे, म्हणून प्रुफं तुमच्याकडे पाठवतो. शुद्धलेखनाचा तुमच्याइतका खाष्ट मास्तर दुसरा मला माहीत नाही. तपासून परस्पर छापायला द्यावीत.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

धाकटा

*

ता. २८ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

प्रुफं छापखान्यात दिली. ऱ्हस्वदीर्घाच्या त्रेचाळीस चुका निघाल्या. गणिताच्या माणसाकडून याहून बरी अपेक्षा नव्हतीच. पण एका ठिकाणी तू कहर केलास. ‘डावीकडे’ असा हुकूम दिला की जहाज उजवीकडे वळते, असं लिहिलंस. लहानपणी उलट्या पायांत चपला घालायचास, त्यातलाच प्रकार. छापखानेवाला खोळंबला होता, म्हणून तुला न विचारताच दुरुस्त करून टाकलं. तुझं हसं व्हायचं वाचलं.

उंटोबाची आई रोज पत्राची वाट पाहते. त्याला दोन ओळी खरडायला सांग. आम्हा दोघांचा जीव त्याच्यात अडकलेला असतो.

आमच्या वाटची मायाही तूच त्याच्यावर कर.

दादा

*

ता. ९ ऑक्टोबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आधी हे सांगतो, की उंटोबा जिवंत आहे.

दादा, माझं ते वाक्य बरोबर होतं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की जहाज उजवीकडे वळतं. हुकूम दांड्याला असतो, जहाजाला नाही. खलाशी तो तसाच ऐकतात. छापून आलेलं पुस्तक मी पुन्हा वाचलं नाही. तुमच्या हाताखालून गेलेलं ते काय वाचायचं, असं वाटलं.

गेल्या आठवड्यात कॉलेजला एक जुनी लाँच मिळाली. गुरुवारी सकाळी बंदराच्या तोंडाशी हुकूम द्यायची पाळी उंटोबाची होती. उजव्या हाताला दगडी बांध होता. त्याने पुस्तकातून पाठ केल्याप्रमाणे ‘डावीकडे’ म्हटलं. सुकाणूवरच्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. लाँच बांधावर आदळली. म्हातारा आणि एक कॅडेट बुडाले.

चौकशीच्या आधी मी उंटोबाला म्हटलं, की छापताना माझं वाक्य दुरुस्तीत उलटं झालं, ते पुस्तक पुढे कर, सुटशील. त्याने विचारलं, की ती दुरुस्ती कोणाची. माझ्याने खोटं बोलवलं नाही. मग त्याने मला गप्प राहण्याची शपथ घातली आणि चौकशीत सांगितलं, की मी घाबरलो, तोंडाला आलं ते बोललो. त्याचं नाव काढून टाकलं आहे. आरमारात त्याला आता कुठेच घेणार नाहीत. सगळी पुस्तकं मी गोळा करून घेतली आहेत.

पत्र कसं संपवू, कळत नाही.

धाकटा

*

ता. २० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तो परवा घरी आला. मी त्याला म्हटलं, की प्राचार्यांना आजच खरं लिहून कळवतो. तो म्हणाला, की तेवढ्याने बुडालेले परत यायचे नाहीत, आणि गावात तुमचं नाव आहे ते असू द्या. तरी मी लिहायला बसलो. तीस वर्षं पोरांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या, पण स्वतःची चूक कागदावर उतरेना. आणि ते लिहावं लागलं नाही याचं मनातून मला बरंच वाटलं, हेही तुला सांगून टाकतो.

त्याची आई त्याला दिवसभर बोलते. तुझ्या बेसावधपणाने दोन घरं बसली, म्हणते. कालपासून त्याच्या हातचं पाणीही घेत नाही. मी शेजारच्या खोलीत असतो, सगळं ऐकू येतं.

आज तिने मला विचारलं, की तुम्ही एवढे मास्तर, मग त्याला एका शब्दाने का बोलत नाही. मी उठलो आणि त्याला चांगलं सुनावलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

दादा