झाकणाच्या आतली खूण

गुरुवार, संध्याकाळ

कोपरच्या सावंतबाई आज दुकानात नवऱ्याचं महागडं स्विस घड्याळ घेऊन आल्या. "हे वारल्यापासून घड्याळ बंदच आहे. शोरूमवाले म्हणाले, आत कुणीतरी ओरखडा पाडलाय. कोण असेल हो?"

"उघडून बघतो," म्हणालो.

त्या गेल्यावर उघडलं. आतल्या यंत्रावर हाताने कोरलेली, केसाएवढी बारीक नक्षी, आणि तिच्यावरून आडवा गेलेला ओरखडा. दुरुस्तीसाठी घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत आम्ही कारागीर सुईने आपली खूण कोरतो. तिथे एकच खूण. माझी.

स्क्रू-ड्रायव्हर कधी घसरला? आठवतच नाही. की तेव्हा कळूनही झाकण लावून टाकलं?

खूण घासली तर दोन मिनिटांत जाईल. पॉलिश पेपर दोनदा हातात घेतला.

ठेवला. उद्या भिंग बाईंच्याच हातात देऊन माझी खूण दाखवतो.