मिटलेली पोवळी

अण्णा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण फार बोलत नव्हतो, मग आता काय बोलायचं, असं वाटायचं. आज लिहायला बसले आहे, कारण गेल्या तीन महिन्यांत आपल्या घरात जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्यात थोडा तुमचाही हात आहे. रागावू नका, आधी सगळं ऐकून घ्या.

सुभानपुऱ्याच्या घरात जिथे तुमची आरामखुर्ची असायची तिथे आता खाऱ्या पाण्याचा टँक आहे. चार वर्षं झाली. त्यात मासे अगदी दोनच, बाकी सगळी जिवंत पोवळी. तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: यातलं एकही समुद्रातून ओरबाडून आणलेलं नाही. कायद्यात बसतात तेवढीच मऊ जातीची, दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमध्ये वाढलेल्यांचे तुकडे आणून मी ती दगडांवर वाढवली. खूळ जुनंच. कारखान्याच्या सहलीत तुम्ही आम्हाला जामनगरजवळ ओहोटीच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभं केलं होतं आणि मी उचललेला पांढरा तुकडा परत जागेवर ठेवायला लावला होता, तेव्हापासूनचं. आईने आधी नाक मुरडलं. "पोवळं म्हणजे अंगठीतलं. हे काय लिबलिबीत?" पण तुम्ही गेल्यापासून ती त्या खोलीत बसायचीच नाही. टँक आला आणि हळूहळू बसायला लागली. सकाळी दहाला दिवा लागला की पोवळी एकेक करून उमलतात, आणि आई पूजा आटोपून समोर स्टूल घेऊन बसते. तिने त्यांना नावंही दिली आहेत. बारीक, गोल, दाटीने वाढणारी ती शेवंती. पसरट, हिरवट ती अळू. तिला आता एक्क्याऐंशीवं चालू आहे, घराबाहेर पडणं होत नाही, तेव्हा हीच तिची बाग.

हा संसार कसा चालतो ते तुम्हाला फार आवडलं असतं. रोज खारटपणा मोजायचा, तापमान बघायचं, आणि दर दोन दिवसांनी परीक्षानळीत थेंब थेंब टाकत रंग पालटण्याची वाट बघायची. तुम्ही बॉयलरच्या पाण्याचं करायचात तेच, फक्त तुमचं पाणी लोखंड वाचवायचं आणि माझं जीव वाचवतं. मी वहीसुद्धा तुमच्यासारखी ठेवते, आडव्या-उभ्या रकान्यांची. एक काम मात्र रोजचं आहे. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागतं. फिल्टरच्या शुद्ध पाण्याचा कॅन टँकच्या शेजारीच असतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात पाणी दुपारपर्यंत चांगलं बोटभर उतरतं आणि मी तेव्हा ऑफिसात. म्हणून काचेवर काळी रेघ ओढून आईला दाखवली होती: याच्या खाली गेलं की ओत. आई म्हणाली, "कळलं. गोडं पाणी. एवढी काही मी वेडी नाही."

एप्रिलमध्ये अळू आक्रसलं. आधी एकच, मग शेजारचं. शेवंती दहाला उमलायची ती बाराला, मग अर्धीच, मग उमलेनाच. काच साफ करणाऱ्या गोगलगायी एकेक सुटून तळाला पडू लागल्या. एक कोळंबी होती, ती एका सकाळी दगडाआड उलटी सापडली. मी मोजते आहे, पुन्हा मोजते आहे, आणि वहीतले सगळे आकडे कसे शहाण्यासारखे जागच्या जागी. मीठ बदललं. ज्याच्याकडून मीठ घ्यायचे त्या दुकानदाराशी फोनवर भांडले. दिवा खाली-वर केला, एसी दिवसभर चालू ठेवला. ऑफिसात बसून दर तासाला आईला फोन करायचे. ती म्हणायची, "नाही गं, आज पण मिटूनच आहेत," आणि तिचा आवाज रोज थोडा खाली गेलेला असायचा. मला त्या पोवळ्यांपेक्षा त्या आवाजाची भीती वाटायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा ती अशीच दिवसेंदिवस कमी बोलत गेली होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी उरलेल्यातली सगळ्यात मोठी शेवंती दगडावरून गळून आली. मी ती हातात घेऊन उभी होते आणि नाकात फिनाईलचा वास गेला. आपल्याकडे बारा वर्षं एक बाई कामाला येते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. गुजराती आहे, आईला बा म्हणते, पण आईशी तिची एक वेगळीच मराठी चालते, आईलाही आता तिची सवय झाली आहे. ती टँकच्या पायाशी लादी पुसत होती. मी विचारलं, लादीचं पोतं कुठे पिळतेस, हात न धुता याच्यात काही घातलंस का. ती म्हणाली, "ना बेन, मी तर त्याला अडत पण नाही, हात पण नाही लावत." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. आणखीही बरंच बोलले. आई खाली बसून वर्षाच्या गव्हाला कीड लागू नये म्हणून दिवेल चोळत होती, तिचे दोन्ही हात तेलाने माखलेले. ती म्हणाली, "अगं, असं एकदम कुणाचं नाव घेऊ नये." बाईने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. मला वाटलं, आली जाळ्यात. खरी असती तर भांडली नसती का? मी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तिने बादली मोरीत रिकामी केली, पोतं दोरीवर नीट पसरून वाळत घातलं, आणि गेली.

तेव्हा मला दुधाची आठवण यायला हवी होती. आली नाही. दांडिया बाजारच्या दोन खोल्यांत आपण राहायचो, मी नऊ वर्षांची असेन. तीन दिवस लागोपाठ सकाळचं दूध नासलं. आईने दूधवाल्याला जिन्यात उभं करून झाडला. चौथ्या दिवशी तुम्ही कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरात पाटावर बसलात, चार भांड्यांत थोडं थोडं दूध घेऊन एकेक तापवलंत, आणि एकाच भांड्यातलं फाटलं. मी त्यात लिंबाचं सरबत करत होते आणि नुसतं विसळून ठेवत होते. आणि अण्णा, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तुम्हालाही कळलं. हात उगारला नाहीत. म्हणालात, "दूध गेलं त्याचं काही नाही. तो माणूस शिव्या खात होता आणि तू दाराआड उभी होतीस." मग माझं मनगट धरून खाली नेलंत आणि त्या दूधवाल्यासमोर, रस्त्यात, सगळ्यांदेखत मला बोलायला लावलंत. मी कित्येक दिवस तुमच्याशी बोलले नाही. कारण सापडल्याशिवाय माणसाचं नाव घ्यायचं नाही, हा तुमच्या प्रयोगशाळेचा नियम होता, आणि तो तुम्ही घरातही चालवायचात.

बाई गेल्यावर पोवळी सुधारायला हवी होती. नाही सुधारली. पंधरा दिवसांनी त्याच दुकानदाराने, ज्याच्याशी मी भांडले होते, फोनवर विचारलं, "बेन, तांबं तपासलंत का? पंपाची एखादी तार उघडी पडली असेल." तांब्याचा अंशसुद्धा या जिवांना विष असतो. मी ती चाचणी कधी केलीच नव्हती, घरात तांबं येणार कुठून. थेंब टाकले आणि नळीतलं पाणी रंगलं. पंप खोलला, तारा पाहिल्या, सगळं धड. त्या शनिवारी मी रजा घेऊन घरीच होते. साडेदहाला आई देवासमोरून उठली, आदल्या दिवशी चिंच-मिठाने लखलखीत घासून भरून ठेवलेली तांब्याची कळशी दोन्ही हातांनी उचलली, सावकाश टँकपाशी आली, आणि रेघ बघत बघत ओतायला लागली. मी दारातच थांबले. 

तिचं म्हणणं साधं होतं. काचेवर तपकिरी बुरशी दिसली, पोवळी आजारी पडतील असं वाटलं, म्हणून कॅनमधल्यापेक्षा हे पाणी बरं. "अण्णा नाही का म्हणायचे, रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यात जंतू जगत नाही?" मार्चपासून, मी ऑफिसला गेले की, रोज घालत होती. एका कळशीने काही झालं नसतं. तुम्ही रोज सकाळी तेच पाणी पिऊन आम्हाला तेच वाक्य ऐकवायचात, आणि ते खरंच आहे, जंतू जगत नाहीत. पण जंतू कुठला आणि पोवळं कुठलं, हे तांब्याला कसं कळणार? मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला, आणि लगेच इतकं रडू आलं, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा आईने विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" मी नाही म्हटलं. म्हटलं, उन्हाने झालं, आता पाणी मीच घालत जाईन.

दुसऱ्या दिवशी बाईच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून भाजी निवडत होती, उठली नाही. मी उभ्यानेच सांगितलं की चूक माझी होती, पाण्यात तांबं होतं. ती म्हणाली, "खबर हती, बेन. कळशीचं मला माहीत होतं." मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "बा रोज पूजा करून कळशी घालायची, मी बघायची ना. ते खराब असेल ते मला काय माहीत. पण तुम्ही एवढं ओरडत होता, तर मी बाचं नाव कशी घेऊ?"  निघताना तीच म्हणाली, "बाला कहेता नही. एमने लागी आवशे, मनाला लागेल त्यांच्या." ती सोमवारपासून पुन्हा यायला लागली. तिने मला मोकळं केलं आणि मी लगेच मोकळी झाले.

टँकचं म्हणाल तर, अर्धं पाणी कितीदा बदललं ते वहीत आहे. अळू सगळं गेलं. शेवंतीचे दोन तुकडे वाचले, परवापासून बाराच्या सुमारास उमलतात. आई पुन्हा स्टूल घेऊन बसते. बोलते. काल बाई तिच्या पायाशी लादी पुसत असताना आई मला म्हणाली, "तुझं मन मोठं बाई, एवढं नुकसान झालं तरी तिला परत घेतलंस. अण्णांना बरं वाटलं असतं." बाईने मान वर केली नाही. स्टुलाभोवतालची लादी पुसून ती पुढे सरकली. मी चहाचे कप उचलून आत गेले.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणूनच एवढं लिहिता आलं. पण वर एक गोष्ट लिहायची मी टाळली. त्या शनिवारी, माझं काही चुकलं का, असं विचारून आई थांबली नव्हती. ऊन म्हटल्यावर तिला पटलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे फिनाईलच ना मग?" आणि मी हो म्हटलं.