एकाच रजेत दोन्ही

१८ नोव्हेंबर, मंगळवार. हिंगणी
सुमनला वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाला, "आता घरीच ठेवा. आठ दिवस, फार तर दहा." आणि मोबाइल बघू लागला. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.
यकृत गेलं आहे. डोळे, नखं, सगळं पिवळं. आरशात पाहून म्हणते, "लग्नात एवढी हळद नोती लागली, बाई."
मी हसले नाही. ती हसली.

संध्याकाळी विलासचा जेद्दाहून फोन. तिचा एकुलता एक. "मावशी, परवाचं तिकीट मिळून राह्यलं. येतो." मी थांबवलं. रजा पंधरा दिवसांची, वर्षात एकदाच. परवा आला तर शेवट सापडेल, पण तेरवीच्या आधी परत जावं लागेल. मुलाशिवाय तेरवी कशी होणार? म्हटलं, सोमवारी रात्री नीघ. एकाच रजेत दोन्ही होईल.
"तू म्हणशील तसं, मावशी."

२० नोव्हेंबर, गुरुवार
सु. आज दोन घास वरण-भात जेवली. विलास कधी येतो, पाचदा विचारलं. मंगळवारी, म्हटलं. बोटांवर मोजलं तिनं.
शेजारची तुळसाबाई दिवसभर बसून असते. तीस वर्षं दोघी एकत्र निंदायला, वेचायला, जंगलात मोहफुलांना. सु. मला 'बाई' म्हणते, ही 'मॅडम'. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात पाहुणी मीच.
मामांनी मला नागपूरला कॉन्व्हेंटात घातलं, सु.ला नाही. एकीचीच फी झेपत होती, म्हणे. मी भूगोल शिकवायला गेले, ती कापूस वेचायला. याबद्दल तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
काल इथिओपियात ज्वालामुखी फुटला. हजारो वर्षं गप्प होता म्हणतात. त्याला कालचाच मुहूर्त सापडला. राख तांबडा समुद्र ओलांडून वाऱ्याबरोबर इकडे निघाली आहे. विमानाच्या इंजिनात राख गेली तर वितळून काच होते. दहावीला शिकवलंय मी हे.
दुपारी वि.चा मेसेज: फ्लाइट कॅन्सल.
विमान कंपनीला फोन लावला. यंत्र म्हणालं, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. अठ्ठावीस मिनिटं महत्त्वपूर्ण होता. मग एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, नैसर्गिक कारणामुळं. मी तिला तिच्याहून बऱ्या इंग्रजीत सांगितलं की इथंही नैसर्गिक कारणामुळंच घाई आहे. तिनं पुन्हा तेच वाक्य वाचलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आजचा दिवस. सकाळी तुळसाबाईकडून केस विंचरून घेतले सु.नं. मग सांगावं लागलं.
"काऊन नाई आला?"
सांगितलं. आफ्रिकेतला डोंगर, राख, वारा. शहाण्या बाईसारखं सगळं समजावून.
"राखेनं विमान अडते? आपन तं राखेनं भांडे घासतो." थोड्या वेळानं, "त्या डोंगराले कोनी काई म्हनलं नाई का, बाई?"
नाही सु., त्याला कोणी काही म्हणत नाही. म्हणायचंच तर मला म्हणावं.

टीव्हीवर एक तज्ज्ञ. राख फार उंचावर आहे, जमिनीवरच्या माणसांवर परिणाम नाही. शर्टाला इस्त्री होती. ये म्हणावं हिंगणीला.

मी काय शिकवत होते? ज्वालामुखीच्या उद्रेकाचे परिणाम. सूर्यप्रकाश अडतो, हवा गार होते, पाऊस चुकतो, पीक बुडतं. चार मुद्दे, चार गुण. एका बेटावरचा डोंगर फुटला आणि पुढच्या वर्षी अर्ध्या जगात उन्हाळाच आला नाही, आपल्याकडं पाऊस बिघडला, पटकी पसरली. मुली लिहून घेत. एकीनं विचारलं होतं, "टीचर, जे मेले त्यांना कळलं का, कशानं मेलो ते?" सिलॅबसमध्ये नाही, म्हणून खाली बसवलं तिला.
नाही कळलं त्यांना. त्यांनी आपापल्या देवाला, शेजाऱ्याला, पाण्याला दोष दिला असेल. मला कळतं आहे. काय उपयोग?

२६ नोव्हेंबर, बुधवार
आकाश कालच मोकळं झालं. राख चीनकडे गेली. पण अडकलेल्यांची रांग मोठी. वि.ला उद्या पहाटेची जागा मिळाली. मुंबई, नागपूर, मग गाडी. म्हणजे उद्या संध्याकाळ.
फोनवर रडला. मग म्हणाला, "मावशी, मी २० तारखेले आलो असतो तं?" रागानं नाही, नुसतं विचारलं. मी म्हटलं, आवाज येत नाहीये. ठेवला.
आवाज येत होता.

ज्वालामुखीनं दोन दिवस खाल्ले. पाच मी खाल्ले. तेरवीचं गणित मांडलं मी, बहीण जिवंत असताना. वेळापत्रक लावायची खोड. सु. म्हणजे आठवा, शेवटचा तास.

सु. पाणी घेत नाही. श्वास मधेच थांबतो, आपण मोजू लागतो, मग येतो. अंगाला हात लावला की कण्हते.
तुळसाबाईनं मला पडवीत बोलावलं.
"मॅडम, तिचा जीव पोरात अडकला हाय. सांगून टाका, इल्या आला म्हनून. सुटंल बिचारी."
"तो आलेला नाही."
"माहीत हाय मले. तिले कुठं दिसते आता?"
"खोटं बोलू?"
"मी बोलली असती. मायं नाई ऐकत. म्हन्ते, बाईले इचार, बाई खोटं नाई बोलत."
 

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ
आठ वाजता वि.चा मेसेज, मुंबईला उतरला. नागपूरचं विमान दुपारचं. सहाच्या आत इथं पोचणं कठीण.
सु.चे पाय गुडघ्यापर्यंत गार.
तुळसाबाई मला न विचारता मधल्या घरातली भुई सारवते आहे. शेतातली काळी माती, शेण. माणसाला शेवटी खाटेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात. सु.चं आधीच ठरलंय: इल्या आला की मले खाली घेजो, त्याच्या आधी नाई.
ही माती लाव्ह्याची. कधी काळी इथंच जमीन फाटली, आग पसरली, किती जीव संपले कोणी मोजलं नाही. तिच्यावर आमचा कापूस, तूर, विहिरी. वर्गात हे सांगताना मला केवढा अभिमान वाटे. आता तुळसाबाईच्या हाताखाली तीच माती वर्तुळं काढत पसरते आहे.

'आला' म्हटलं तर ती म्हणेल, खाली घे. आणि जाईल. संध्याकाळी तो दारात येईल तेव्हा मी काय सांगू? की यावेळीही मावशीनंच ठरवलं?
नाही म्हटलं तर सहापर्यंत हे असं.

दहा वाजले. तुळसाबाई हात धुऊन आली. "ओल्यावर नाई घेत, मॅडम. वाळू द्या." तिनंच थोडा वेळ काढून दिला मला.
कडा पांढुरक्या होऊ लागल्या आहेत. मधे अजून ओलं.

सु.नं आताच डोळे उघडले. माझ्याकडं नाही, दाराकडं.
"बाई. आला?"