लाईन खराब आहे, सर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. रीडिंगच्या घरी इंटरनेट पुन्हा ढेपाळलंय, कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसलेय आणि तुमची फार आठवण येतेय. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायला धजले.

कॉव्हेंट्रीत पीएचडी करत होते तेव्हा दर शनिवारी सकाळी आपल्या व्हिडिओ कॉलसाठी मी डिपार्टमेंटमध्ये येऊन बसायचे आणि तुम्ही पुण्यात तुमच्या केबिनमध्ये. दोन्हीकडे विद्यापीठांचं स्वतःचं, संशोधनासाठीचं नेटवर्क, त्यामुळे तुमच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरासुद्धा दिसायचा. तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे पाठवायला आणि घ्यायला सारखीच जागा, कारण वापरणाऱ्यांनीच ते बांधलंय. कंपनीवाले मात्र गिऱ्हाईक नुसतं घेणार, ते पाठवणार काय, असं धरून चालतात आणि एका लाईनवर अख्खी गल्ली बसवतात. तिसऱ्या वर्षी माझे प्रयोग काही केल्या जमेनात. मी हाय खाल्ली, थीसिस अर्धवट टाकला आणि रीडिंगला अशाच एका कंपनीत चिकटले. एका लाईनवर किती घरं बसवायची, हे ठरवायचं माझं काम. हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?

मग शनिवारचे कॉल घरून सुरू झाले. तुम्ही मला नीट दिसता, मी मात्र तुम्हाला नुसते चौकोन. युनिव्हर्सिटीत दुरुस्ती चाललीय सर, लाईन खराब आहे, असं मी ठोकून देते. तुम्ही बरं म्हणता. पुढे तुम्ही थीसिसचं विचारणंही सोडलंत आणि मला हायसं वाटलं, इतकी मी बावळट. कॉल कोणत्या नेटवर्कवरून येतोय हे आयपी पत्त्यावरून कसं ओळखायचं, ते मला तुम्हीच तर शिकवलं होतं! तुम्ही गेल्यावर काकूंना भेटायला आले, तेव्हा त्यांनी सांगितलं की पहिल्याच शनिवारी चहा घेताना तुम्ही म्हणाला होतात, "पोरीने युनिव्हर्सिटी सोडलीय. सांगेल ती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या शनिवारी तुम्ही सरळच विचारलंत, "सध्या कुठे असतेस, बाळ?" आणि कॉल तुटला. त्यानंतर तुम्ही तासभर मला लावत बसलात, घरी उशिरा गेलात, हेही काकूंकडूनच कळलं. पुढच्या शनिवारी तुम्ही नव्हतात.

घरच्या लाईनला मी उठताबसता शिव्या घालते, सर. त्या दिवशी ती अगदी व्यवस्थित चालू होती. वायर मी काढली.