माझ्या बाथरूमचा ढाळ

३ मार्च
निकाल लागला. दातांच्या डॉक्टरच्या बाथरूमची फरशी बसवली, त्याचे मला अर्धेच पैसे. कारण म्हणे पाणी जाळीकडे जात नाही, दाराकडे येतं. ग्राहक तक्रारींच्या ट्रायब्युनलमधल्या बाईंनी फोटो बघून ठरवलं. फोटो काढताना डॉक्टरचा हात तिरका. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारा माणूस, त्याला सरळ काय दिसणार. सव्वीस वर्षं फरश्या बसवतोय मी. अपील करणार. आजच लिहायला बसतो.

४ मार्च
काल बसलो नाही. तापल्या डोक्याने कायद्याचं काम करू नये.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, मिळतात ते अर्धे घ्या आणि गप्प बसा. हा विमा विकतो. ढाळ कशाशी खातात ते माहीत नाही आणि आला मला शिकवायला.

९ मार्च, सकाळी
आमच्या बाथरूमच्या दाराशी पायपुसणं पुन्हा चिंब. पडता पडता वाचलो. या घरात कुणाला शिस्त नाही. बायकोला झापलं. तिने पायपुसणं पिळलं. तिला सफाईचा नादच आहे. कुणाचीही आंघोळ झाली की वायपर घेऊन आत. असो.
अपील उद्या.

१४ मार्च
ट्रायब्युनलच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, तेच रडगाणं पुन्हा चालणार नाही, नवीन पुरावा आणा. काय तो माज. त्याच्या पायाखालच्या फरश्यांत नख जाईल एवढी फट होती. तसं तोंडावर सांगितलं. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

१५ मार्च
पुरावा सापडला. आंघोळ करता करता. हे आमचंच बाथरूम. नऊ वर्षांपूर्वी मीच केलेलं. हाच हात, हीच लेव्हलपट्टी. नऊ वर्षांत एक तक्रार नाही. आता अर्जात लिहितो की अधिकाऱ्यांनी घरी येऊन बघावं. साक्षीदार, बायको.
तिला सांगितलं. म्हणाली, मला यात ओढू नका. थोड्या वेळाने म्हणाली, अर्जच देऊ नका. चार लोकांत बोलायला घाबरते बिचारी. दोनच वाक्यं बोलायची आहेत, असं समजावलं.

२४ मार्च
दुपारी चार पन्नासला अर्ज दिला. मुदत पाचपर्यंत होती. म्हणजे दहा मिनिटं आधीच.
लेव्हलपट्टी पुसून ठेवली. मागे शिडीवरून पडली होती, एका टोकाला पोचा आहे. आतला बुडबुडा ठणठणीत.

११ एप्रिल, सकाळी
आज तपासणी. डॉक्टरही येणार. ठरवलंय, शांत राहायचं, त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही.
बायकोला बजावलं, आज वायपर मारू नकोस. बाथरूम आहे तसं दिसू दे.

११ एप्रिल, संध्याकाळी
अधिकारी बूट काढून दाराशी उभे राहिले. बादली मीच ओतली. भरून. पाणी क्षणभर थांबलं. मग निघालं ते दाराकडे. उंबऱ्यावरून थेट अधिकाऱ्यांच्या मोज्यात. डॉक्टर आधीच बाजूला झाला होता. त्याला सवय.
मी म्हणालो, बादली तिरकी ओतली गेली. कुणी लिहून घेतलं नाही.
अधिकाऱ्यांनी बायकोला विचारलं, असं कधीपासून? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. नऊ वर्षं वायपर मारतेय. मग नवऱ्याला सांगितलं का नाही? तर म्हणाली, सांगितलं असतं तर ह्यांनी फोडून पुन्हा स्वतःच बसवलं असतं.
डॉक्टर हसला नाही. हसला असता तर निदान भांडता आलं असतं. जाताना त्याने बायकोला त्याच्या नव्या कारागिराचा नंबर दिला. तिने माझ्यादेखत लिहून घेतला.

२० एप्रिल
अपील फेटाळलं. मिळालेले अर्धे पैसे बायकोने त्या कारागिराला दिले. उद्यापासून काम. मी बघणारसुद्धा नाही.

२४ एप्रिल
बघितलं. त्याच्या फरशीवर माझी पट्टी ठेवली. तिने ढाळ उलटा दाखवला. पकडला चोर, असं वाटलं. त्याने आपली पट्टी शेजारी ठेवली, मग दोन्ही ओट्यावर ठेवून दाखवल्या. त्याचा बुडबुडा मधोमध, माझा कडेला. मला म्हणाला, काका, चहा घेणार का? माझ्याच घरात.

२६ एप्रिल
नव्या फरशीवर पहिली आंघोळ माझी. पाणी गेलं जाळीत. बाहेर आलो तर बायको सवयीने वायपर घेऊन उभी. आत डोकावली. कोरड्या उंबऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. डोळे पुसले. मग वायपर माळ्यावर टाकला.
मी लेव्हलपट्टी काढून आणली. विचारलं, ही कुठे ठेवू? म्हणाली, वरच, त्याच्या शेजारी.
शिडी मीच आणली.