सताड उघडं दार

भाऊजी,

"वहिनी, अळंबी काय, उकिरड्यावरही उगवते, त्यात धंदा कसला?" आमच्या बचत गटाच्या शेडच्या पहिल्या दिवशी तुम्ही हसून म्हणाला होतात. आता तीच शेड पाहुण्यांना 'आमचा उद्योग' म्हणून दाखवता.

आम्ही बायका पाय धुऊन, केस बांधून, दार जेमतेम किलकिलं करून आत शिरतो. रविवारी मी धावत पोहोचेपर्यंत तुम्ही पाहुण्यांना बुटांसकट आत नेलं होतंत आणि दार सताड उघडं होतं. आठवडाभरात अळंबीच्या पांढऱ्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. सगळं पीक फेकावं लागलं. वर तुम्हीच म्हणालात, "बायकांना आधी स्वच्छता शिकवा!"

आता गटातल्या सगळ्या जणी आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरीला बोल लावताहेत. तिनेच हात धुतले नसतील म्हणे. उद्या तिला काढून टाकतील. मी तुमचं नाव घेतलं, तर दीर-भावजयीचं भांडण म्हणून हसण्यावारी नेतील.

सासूबाईंच्या हाती पडलं तर त्यांच्या जिवाला लागेल, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण एवढं एक तुमच्या तोंडावर मागेन. उद्या शेडपाशी या आणि सगळ्यांसमोर सांगा, "दार मी उघडं ठेवलं."

नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी या.

नात्यापुरती तुमची,
वहिनी